ठाण्यातली घरची बाग, बारा महिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडला चौथ्या मजल्यावर माझी बाग आहे. म्हणजे पश्चिमेची बाल्कनी, स्वयंपाकघराची ग्रिल आणि सोसायटीने दोन वर्षं घोळवून शेवटी दिलेला गच्चीचा एक कोपरा. लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीवाल्यापाशी लोक जे विचारतात ते एकदाचं लिहून काढलंय. उत्तरं ठाण्याच्या हवेची आहेत, पुण्याच्या पाहुण्यांनी त्यातली अर्धी सोडून द्यावीत. रासायनिक खतं आणि विषारी फवारे मी वापरत नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल विचारू नका.

पाऊस सुरू झाला की बाग सुरू करावी ना?

मलाही असंच वाटायचं. पहिल्या वर्षी मृग लागला त्याच आठवड्यात टोमॅटोची बारा रोपं लावली. जुलै अर्धा सरला तोवर बाराच्या बारा मातीलगत काळी पडून आडवी झाली होती. देठ चिमटीत धरला तर पिचकन पाणी आलं.

मुंबई-ठाण्याकडे पावसाची सरासरी तारीख 11 जून आणि परतीची 8 ऑक्टोबर. एवढ्या दिवसांत आपल्याकडे 2,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात वर्षभरात 700 च्या आसपास. बियांच्या पाकिटामागे छापलेलं 'जून-जुलै' हे बहुतेक वेळा अशा कोरड्या भागासाठी असतं. आपल्याकडे रोपं तहानेने कमी मरतात आणि पाण्याने जास्त. हे एकदा ध्यानात आलं की खालची बरीचशी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

नवखे असाल तर दसऱ्याला सुरुवात करा. ऑक्टोबरचं ऊन चावरं असतं, म्हणून पहिले पंधरा दिवस रोपांवर जुनी ओढणी किंवा हिरवी नेट धरा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस इतके सोपे असतात की तुमच्या चुका झाडं पोटात घालतात. दुसरा मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा, तो वेलांसाठी. कोकणात त्या दिवशी आळी करून भोपळा-पडवळाच्या बिया टोचतात ते उगाच नाही. पाऊस येईपर्यंत वेलाला मुळं धरायला पाच-सहा आठवडे मिळतात.

जूनमध्ये मी फक्त फांद्या लावते. जास्वंद, मोगरा, अनंत, पानओवा. वीतभर पेन्सिलीएवढी फांदी तिरकी कापायची, खालची पानं काढायची, खोचून विसरून जायचं.

आमच्याकडे ऊनच येत नाही. काय करू?

कुठल्या महिन्यात येत नाही ते आधी बघा. ठाण्यात मेच्या मध्यावर एक दिवस भर दुपारी आपली सावलीच पडत नाही, तो शून्य सावलीचा दिवस. तिथपासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीला वर्षातलं सगळ्यात चांगलं ऊन मेच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंतच मिळतं. नेमकं तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीला वरच्या मजल्याचा सज्जा आडवा येतो. डिसेंबरात उलटं. सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि दक्षिणेच्या घरात ऊन पार सोफ्यापर्यंत येतं.

तर दक्षिणवाल्यांनी हिवाळी भाजीवर जोर द्यावा. उत्तरवाल्यांनी पालेभाज्या, पुदिना, गवती चहा, पानओवा यांत समाधान मानावं आणि टोमॅटोच्या नादी लागू नये. पूर्वेचं तीन-चार तासांचं सकाळचं ऊन मिरचीलाही पुरतं. माझ्यासारख्या पश्चिमवाल्यांना संध्याकाळचं ऊन भाजून काढतं, तिथे कडेला जास्वंद किंवा गोकर्णाचा वेल पडद्यासारखा सोडायचा आणि त्याच्या आड बाकीचं लावायचं.

माती कोणती घ्यावी? नुसत्या कोकोपीटमध्ये लावलं तर?

नुसत्या कोकोपीटमध्ये झाड उभं राहतं, पण त्याला खायला काही नसतं. नुसती लाल माती घातलीत तर पावसाळ्यात चिखल आणि मेमध्ये वीट. मी तीन सारखे भाग करते: लाल माती, खत (शेणखत, गांडूळखत किंवा घरचं) आणि काहीतरी हलकं. हलक्यात कोकोपीट चालतं, ते आधी दोन पाण्यांतून धुवून घ्या, त्यात क्षार असतात. भाताचं तूस चालतं, चुरलेला पालापाचोळा चालतो. रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाडही उत्तम. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर चिपाडातच भाज्या पिकवून दाखवल्या होत्या. बारा इंची कुंडीला मूठभर नीमपेंड टाका.

हलकं ठेवण्याचं दुसरं कारण वजन. साधी ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते, म्हणजे बारा इंची कुंडी वीस-पंचवीस किलोंची होते. ग्रिलच्या पट्ट्यांवर अशा सहा ठेवल्या की खालून जाणाऱ्याने वर बघतच चालायचं.

आणखी एक. नर्सरीतून आणलेल्या रोपाची काळी पिशवी काढलीत की मुळांभोवती लाल मातीचा घट्ट गोळा दिसेल. तो तसाच कुंडीत बसवू नका. मी एक महागडा सोनचाफा तसाच लावला. वर पाणी घातलं की गोळ्याच्या बाजूने वाहून जायचं आणि आतली मुळं कोरडी ठणठणीत. दोन महिन्यांत गेला. गोळा बादलीत दहा मिनिटं बुडवा, बोटांनी कडेची माती हलक्या हाताने मोकळी करा, मग लावा.

येऊरहून माती आणली तर? तिथली किती छान काळसर असते.

आणू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून माती काय, पालाही उचलायला कायद्याने बंदी आहे. पालापाचोळा हवा असेल तर सोसायटीच्या झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगा. पोतं भरून मिळतो आणि त्यांचंही ओझं कमी होतं.

ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं, पण वास येतो आणि अळ्या पडल्या. सोडून देऊ?

वास येतो याचा अर्थ ओलं जास्त झालं आणि सुकं कमी पडलं. भाजीच्या देठांनी बादली भरायची आणि वर झाकण दाबायचं, याला खत करणं म्हणत नाहीत, लोणचं घालणं म्हणतात.

माझी पद्धत अशी. वीस लिटरची बादली, तळाला आणि बाजूंना सळई तापवून पाडलेली भोकं, खाली विटेचे दोन तुकडे. तळात चार बोटं सुका पाला. रोज एक वाटी ओला कचरा बारीक चिरून टाकायचा, त्यावर दीड-दोन वाट्या सुका पाला. पहिल्याच दिवशी ओंजळभर जुनं खत किंवा पळीभर आंबट ताक घातलं की काम लवकर सुरू होतं. चार दिवसांनी एकदा काठीने खालीवर करायचं. हातात घेऊन दाबलं तर ओलसर लागावं, पण बोटांमधून पाणी गळू नये. सगळी परीक्षा एवढीच. मधे कधी हात घातला आणि आत गरम लागलं तर खुशाल राहा, जिवाणू कामाला लागलेत.

बादली भरली की दुसरी सुरू करा आणि पहिली दीड-दोन महिने तशीच ठेवा. तयार खताला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो आणि त्यात काय काय टाकलं होतं ते ओळखू येत नाही. आंब्याची कोय तेवढी ओळखू येते, ती वर्षभर दाद देत नाही.

शिजलेलं, तेलकट, मासळीचे काटे बाल्कनीतल्या बादलीत टाकू नका, उंदीर येतात. लिंबाच्या साली थोड्याच. अंड्याची टरफलं कुटून. देवाचं निर्माल्य जरूर, पण हारातला दोरा आणि चमकी आधी काढा.

अळ्यांचं म्हणाल तर जाड, करड्या, चपट्या अळ्या असतील तर त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या. पावसाळ्यात हमखास येतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. दिसायला किळसवाण्या आहेत हे मान्य. सुका पाला वाढवला की कमी होतात.

पावसाळ्यात मग लावायचं तरी काय?

जे मुळातच पाण्याचं आहे ते. मायाळू बेफाम वाढतो, एक फांदी खोचा आणि ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांना वाटा. त्याची भजी घरच्या पानांचीच करावीत. अळूला सावली चालते, निथळणारं पाणी चालते. वडीसाठी काळ्या देठाचं लावा, फतफत्यासाठी हिरव्या देठाचं, आणि शिजवताना चिंच विसरू नका. भेंडी, अंबाडी, चवळी, आणि वेलांत पडवळ, शिराळं, घोसाळं, कारलं. पण वेल मेमध्येच लावलेले हवेत.

भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण अशी परसातली भाजी करतात. आपल्या कुंडीत बैल कुठून येणार? त्या दिवशी बाजारात याच भाजीचे वाटे काय भावाने जातात ते बघितलंत, तर पडवळाचा एक वेल तरी लावालच.

लाल मातीबरोबर टाकळा आणि कुर्डू आपोआप उगवतात. तण म्हणून उपटण्याआधी थांबा, येऊरच्या बायका पावसाच्या सुरुवातीला हेच विकायला आणतात. कोवळा टाकळा लसूण-खोबऱ्यात उत्तम होतो. मात्र ओळख पक्की नसेल तर जाणत्या बाईला पान दाखवल्याशिवाय खाऊ नका.

पालक, कोथिंबीर, मेथी मात्र जुलैत उघड्यावर पेरू नका. नुसतं बियाणं वाया.

सततच्या पावसात कुंड्या कशा वाचवू?

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक कुंडीच्या भोकात काडी घालून बघा, मुळांनी किंवा मातीने बुजलेलं असतं. खालच्या ताटल्या काढून टाका. कुंडी दोन विटांवर उचला. पावसाची झड थेट लागते त्या कुंड्यांच्या मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्या, म्हणजे माती उडून पानांना चिकटत नाही, बुरशी निम्म्याने कमी होते. या चार महिन्यांत खत जवळपास बंद. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओलं लागलं की झारी परत जागेवर. कोरफड, निवडुंग, अडेनियम घरात घ्या.

रात्रीत पानं फस्त होतात. कोण खातं?

टॉर्च घेऊन रात्री दहाला जा. मुठीएवढ्या तपकिरी शंखाची गोगलगाय दिसेल. ही आफ्रिकन गोगलगाय, मूळची पूर्व आफ्रिकेची, आता तळमजल्याच्या बागांपासून पाइपावरून चढत वरपर्यंत येते. एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते, पिवळसर पांढरी, साबुदाण्याहून मोठी, मातीत पुरलेली.

मीठ फेकू नका. मी फेकलं होतं, गोगलगायी मेल्या आणि कुंडीतली अबोलीही गेली. कोबीची पानं किंवा पपईची साल संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली ठेवा, रात्री सगळ्या तिथे जमतात. हातमोजा किंवा पिशवी घालूनच उचला, त्यांच्यात माणसाच्या मेंदूला अपाय करणारा परजीवी असू शकतो. बादलीत साबणाचं किंवा मिठाचं कडक पाणी करून त्यात टाका. अंडी सापडली तर चुरडा. असं सलग आठवडाभर केलं की फरक दिसतो. पावसात पालेभाजी कच्ची खायची नाही हा आमच्या घरचा नियम त्यानंतरचा.

कुंड्यांमुळे डेंग्यूचे डास होतात अशी तक्रार आली आहे.

तक्रार बरोबर असू शकते. दोष मातीचा नसतो, ताटलीतल्या पाण्याचा असतो. एडिस डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत होतं. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवा आणि ताटल्या, मनी प्लांटच्या बाटल्या, पक्ष्यांचं भांडं सगळं ओता आणि घासा. घासणं महत्त्वाचं, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत असतात.

हिवाळ्यात कशाने सुरुवात करू?

मेथीने. स्वयंपाकघरातलेच दाणे रात्री भिजवा, सकाळी पसरट कुंडीत पेरा, तीन-चार दिवसांत हिरवं दिसतं आणि तीन आठवड्यांत जुडी निघते. बारीक रेतीत दाट पेरलीत तर दोन आठवड्यांत मुळासकट उपटायची समुद्रमेथी, तीच जी बाजारात इवल्याशा जुड्यांत मिळते.

कोथिंबिरीला धीर लागतो, आठ-बारा दिवस काहीच दिसत नाही. धणे लाटण्याने हलके रगडून दोन दळं करायची, मगच पेरायचे. अख्खे टाकणारेच 'आमच्याकडे कोथिंबीर होत नाही' म्हणत फिरतात.

टोमॅटोचं बी सप्टेंबरअखेर पावसाच्या आडोशाला पेरा, दिवाळीच्या आधी रोपं हलवा. रात्री उकाडा असला की त्याचं फूल गळतं, त्यामुळे फुलोरा डिसेंबर-जानेवारीत यायला हवा. मुळा, पालक, लाल माठ, वांगी, मिरची, वालपापडी, आणि फुलांत शेवंती, झेंडू. झेंडू दसऱ्याला हवा असेल तर मात्र जुलै-ऑगस्टमध्येच, आडोशाला.

दुधीला फुलं भरपूर, फळ एकही नाही.

बारकाईने बघा. काही फुलांच्या मागे बोटाएवढा केसाळ दुधी असतो, ती मादी. नुसत्या लांब देठावरचं ते नर. उंच मजल्यावर माशी-पतंग पोचत नाहीत, मग मादी फूल दोन दिवसांत पिवळं पडून गळतं. नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि त्याचे परागकण मादीच्या मधल्या भागावर हलकेच टेकवा. दुधी आणि शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून दिवेलागणीला. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं सकाळी, नऊच्या आत. चौथ्या-पाचव्या दिवशी बारका दुधी खाली मान घालू लागला की जमलं.

सोसायटीत पोळं लागलं तर लगेच धूर करणाऱ्याला बोलावू नका, एवढी विनंती. बऱ्याचदा ते काही दिवसांत स्वतःहून हलतं.

मावा आणि पिठ्या ढेकूण जातच नाहीत.

हे फेब्रुवारीनंतर वाढतात. मावा कोवळ्या शेंड्यांवर, पांढरा कापसासारखा पिठ्या जास्वंदीच्या बेचक्यात. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, निम्मा मावा तिथेच जातो. उरलेल्यासाठी लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थेंबभर भांड्याचा पातळ साबण, आधी तेल-साबण एकत्र घोटून मग पाण्यात. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याला एकदा, तीन-चार वेळा. दुपारी मारलंत तर पानं करपतात. पिठ्या जुन्या टूथब्रशने खरवडलेलाच बरा. मुंग्या चढताना दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्या माव्याचा गोड रस खातात आणि त्याची राखण करतात. एखादा लालबुंद ठिपकेदार ढालकिडा आला तर मारू नका, तो माव्यावर जगतो.

पानांवर पांढरी भुरी आली तर एक भाग आंबट ताक, दहा भाग पाणी.

कबुतरांची विष्ठा खत म्हणून चालेल का?

नाही. ती सुकून उडाली की फुप्फुसांना त्रास होतो. ओली करून, तोंडाला कापड बांधून पुसून टाका. रोपं खणतात म्हणून कुंडीत उभ्या काड्या खोचा. जाळी लावलीत तर ताणून लावा, ढिल्या जाळीत चिमण्याही अडकतात.

एसीचं, आरओचं, तांदूळ धुतलेलं: यातलं कुठलं पाणी घालू?

तांदळा-डाळीचं धुवण खुशाल घाला, शिळं न करता. एसीचं पाणी जवळपास क्षारविरहित असतं, आपल्या दमट हवेत रात्रीत बरंच साठतं, शोभेच्या झाडांना देते मी. आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात. ते रोज घातलं की कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरते. त्याने लादी पुसा. ठाण्याला स्वतःचं धरण नाही, भातसा-उल्हासचं पाणी उचलून आणतात. मेमध्ये पाणीकपातीच्या दिवशी नळी धरून बाग धुणाऱ्यांना शेजारी बोलतात ते बरोबरच आहे.

तुळस दरवर्षी का मरते?

तिचं आयुष्यच फार तर दोन-तीन वर्षांचं. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहीत तर त्याहून कमी. रोज आंघोळीनंतर तांब्याभर पाणी घालण्याचा नेम पावसाळ्यातही पाळलात तर मुळं कुजतात. पावसात पळीभर घाला, देवाला चालतं. सुकलेल्या मंजिऱ्या त्याच कुंडीत चुरडा, जूनमध्ये नवी रोपं येतील.

प्लास्टिकच्या कुंड्या वापरल्या तर पर्यावरणपूरक कसं म्हणायचं?

घरात आहेत त्या वापरा, फुटेपर्यंत. वीस नव्या 'इको' कुंड्या प्लास्टिकच्या बबलमध्ये गुंडाळून मागवण्यापेक्षा ते बरं. तेलाचा डबा, फुटका माठ, तांदळाची गोणी सगळं चालतं. रंगाच्या बादलीत फक्त फुलझाडं. थर्माकोलचे डबे नकोत, उन्हात चुरा होऊन तो चुरा नाल्यात जातो.

सोसायटी हरकत घेते.

ओल गळत असेल तर हरकत रास्त आहे, आधी ती थांबवा. कठड्यावर कुंडी ठेवत असाल तर तीही उतरवा. मग बोलणीला जा आणि खताचा मुद्दा काढा. 2016 च्या घनकचरा नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्य तेवढा आवारातच जिरवायला सांगितलं. आमच्या सेक्रेटरींना बागेत रस नव्हता, पण कचऱ्याची डोकेदुखी होती. कोपरा मिळाला तो त्या डोकेदुखीमुळे.

मेमध्ये तीन आठवडे गावी जातोय. पाणी?

सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा. मातीवर चार बोटं पाला पसरा. मधोमध पाण्याची मोठी बादली एका विटेवर, आणि तिच्यातून प्रत्येक कुंडीत जुन्या सुती साडीची वळलेली वात, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत तीन इंच आत. बादलीवर कापड बांधा, नाहीतर डास. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा, वात ओली होते का ते. आठवडा-दहा दिवस निभतात. पुढच्या दिवसांसाठी किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या आणि त्यांना एवढंच सांगा: कुंडीत बोट घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला. माझ्या काकूंनी एकदा मायेपोटी दोन्ही वेळ घातलं होतं. मोगरा गेला, पण अळू असं फोफावलं की परत आल्या दिवशी वड्या केल्या आणि पहिली ताटली त्यांच्याकडेच गेली.